गारवा कोणाच्या खर्चाने?

उन्हाळा सुरू झाला की जुन्या घरात राहणाऱ्या कुटुंबांत एक वाद हमखास निघतो. घर आजोबांच्या वेळचे, विटामातीचे, दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंतींना चिकटलेले. मुलगा म्हणतो, "पाडू या आणि नवे बांधू या." सून म्हणते, "निदान एक एसी तरी बसवू या." वडील म्हणतात, "आहे तेच नीट दुरुस्त केले तर?" शेवटी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला जातो आणि ज्याचा आकडा कमी, त्याचे म्हणणे मान्य होते.

हिशेब मांडायलाच हवा. पण बंधुभगिनींनो, त्यात एक रकाना बहुधा कोरा राहतो. आपल्या खोलीतल्या गारव्याची किंमत आपल्याशिवाय आणखी कोण मोजतो, हा तो रकाना. आज आपण त्याचाच विचार करू या.

जोतिबाच्या डोंगराचे उदाहरण घ्या. कोल्हापूरपासून सुमारे १८ किलोमीटरवर असलेल्या या डोंगरावर चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला लाखो लोक जातात. भर दुपारी उघड्यावरची फरशी अनवाणी पायांना पोळते, आणि देवळात पाऊल टाकले की गारवा जाणवतो. आजचे देऊळ राणोजी शिंदे यांनी १७३० मध्ये बांधले. त्याच्या काळ्या दगडाच्या जाड भिंती दिवसाची उष्णता सावकाश शोषून घेतात. ती आतल्या बाजूला पोहोचेपर्यंत ऊन कलते. विशेष म्हणजे, त्या गारव्यासाठी बाहेरच्या कोणालाही जास्त उकाडा सोसावा लागत नाही.

डोंगरावरच्या वस्तीत काय किंवा खाली कोल्हापूरच्या पेठांत काय, साध्या माणसांची जुनी घरे याच समजुतीने बांधलेली होती. जाड भिंती, लहान खिडक्या, वर कौले. आपण ज्याला मंगळुरी कौल म्हणतो, त्याचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला काढला. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाई. अर्थात, या घरांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ती अंधारी होती, ओलीने भरलेली होती, आणि चुलीच्या धुरात बायकांचे डोळे आणि छाती दोन्ही खराब झाली. दर पावसाळ्याआधी शाकारणी करायला माणसे मिळेनात, तेव्हा लोकांनी कौले उतरवून पत्रा घातला किंवा स्लॅब टाकला. त्यांना दोष देता येणार नाही. पण गळती थांबली आणि उकाडा आला, हेही तितकेच खरे.

मग अशा घराचे काय करावे? आधी ऊन येते कुठून ते पाहावे. दोन्ही बाजूंच्या भिंती सामाईक असल्यामुळे त्यांना ऊन लागत नाही. राहिली पुढची बाजू, मागची बाजू आणि डोक्यावरचे छत. आपल्या भागात मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. म्हणून आपला खरा उन्हाळा छतातून उतरतो. केंद्र सरकारने नव्या घरांसाठी २०१८ मध्ये 'इको-निवास संहिता' आणली. तिनेही छतातून आत येणाऱ्या उष्णतेला वेगळी मर्यादा घातली आहे.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत जी घरे पाण्यात उभी होती, त्यांच्या भिंती आणि पाया प्रथम जाणकार अभियंत्याला दाखवावा. त्यानंतर ओल आणि गळती. माती किंवा चुन्यात रचलेली वीटभिंत ओल घेते आणि पुन्हा सोडते. तिच्यावर सिमेंटचा घट्ट गिलावा केला की पाणी आत कोंडते, पोपडे सुटतात आणि भिंत आतून कुजते. तिला चुन्याचा गिलावाच मानवतो. मग छत: स्लॅबवर पांढरा चुना, ऊन परतवणारा रंग किंवा फुटक्या पांढऱ्या फरशीचे तुकडे, पत्रा असेल तर त्याखाली थोडी पोकळी ठेवून दुसरे छत. त्यानंतर पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून छज्जा किंवा बांबूचा पडदा, कारण काचेतून आत आलेले ऊन आतल्या पडद्याने पुरते अडत नाही. भिंतीत उंचावर झरोके, म्हणजे गरम हवेला वाट मिळेल. यंत्रांची पाळी सर्वांत शेवटी. जुना पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, नव्या पद्धतीचा ३० च्या आसपास. साठ वॅटच्या बल्बचे काम नऊ वॅटचा एलईडी करतो.

पाडून नवे बांधणे काही वेळा भागच असते. भिंत खरोखर धोक्याची असेल तर माणसाच्या जिवापुढे विटेची किंमत नाही. पण चांगली भिंत पाडताना एवढे आठवावे की ती वीट भाजायला एकदा जळण खर्च झालेले आहे, आणि नव्या सिमेंटसाठी ते पुन्हा होणार आहे. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटच्या वाट्याला जाते. बर्मिंगहॅममध्ये जन्मलेले क्वेकर पंथाचे वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळमध्ये अनेक वर्षे साधी, हवेशीर वीटघरे बांधली. पाडलेल्या इमारतींच्या विटा, कौले, दारे ते आनंदाने पुन्हा वापरत. टाकून दिलेल्या वस्तूतही कोणाचे तरी श्रम असतात, याची त्यांना जाण होती.

आता एसीकडे वळू या. एसी गारवा निर्माण करतो असे आपण म्हणतो. खरे तर तो आपल्या खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो आणि स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णता तिच्यात मिसळतो. अरुंद बोळात ही गरम हवा समोरच्या खिडकीत शिरते. समोरचा माणूस खिडकी बंद करतो, आणि पुढच्या वर्षी ऐपत असेल तर तोही एसी घेतो. ऐपत नसेल तर तसाच सोसतो. वीजही कुठून तरी येते. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. तिथे कोळसा जळतो आणि त्याची राख व धूर भोवतालच्या वस्तीच्या वाट्याला येतात. कोयनेची वीज स्वच्छ म्हणावी, तर त्या धरणासाठी कित्येक गावे उठवली गेली. बटण दाबताना ही माणसे आपल्याला दिसत नाहीत. दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यातला जखमी माणूस निदान वाटेवर समोर पडलेला होता. आपला शेजारी कधी कधी तारेच्या दुसऱ्या टोकाला असतो.

याचा अर्थ एसी लावणे पाप आहे असा कोणी घेऊ नये. घरात आजारी माणूस असेल, तान्हे बाळ असेल, म्हाताऱ्या आईला उष्मा सोसत नसेल, तर एसी ही गरज आहे. प्रश्न एवढाच की जी उष्णता छतावरच अडवता आली असती, ती आत येऊ देऊन मग शेजाऱ्याच्या अंगणात फेकणे योग्य आहे का?

यातून दुसरा, अधिक अवघड प्रश्न निघतो. घराचा निर्णय एक जण घेतो आणि उकाडा दुसराच सोसतो. घरमालक वेगळा राहतो, पत्र्याखाली भाडेकरू राहतो. छतावर खर्च मालकाने करायचा आणि सुख भाडेकरूला, म्हणून ते काम वर्षानुवर्षे होत नाही. मुलगे पुण्या-मुंबईला, गावच्या घरात आई एकटी. बैठकीच्या खोलीला नवी फरशी बसते, स्वयंपाकघराला साधा झरोका मिळत नाही, कारण खर्च ठरवणारा दुपारी बारा वाजता शेगडीपुढे उभा नसतो. दुरुस्तीचा पहिला रुपया कुठे जावा, याची कसोटी मला सोपी वाटते: घरात सर्वांत जास्त कोण सोसतो, त्याला विचारावे.

कोणी म्हणेल, हे सगळे पैसेवाल्यांचे नीतिशास्त्र आहे. हातावर पोट असलेल्याने काय करावे? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच सुरुवात चुन्याच्या बादलीपासून करायची. भिंती सामाईक आहेत, तसे दोन-तीन घरांनी मिळून माल आणला, गवंडी लावला तर खर्चही सामाईक होतो. आणि ज्यांच्याकडे आहे त्यांनी, आपल्या संस्थांनीही, आधी आपले छप्पर पाहावे. व्हॅटिकनमधील सहावे पोप पॉल यांच्या नावाच्या सभागृहाच्या छतावरचे जुने काँक्रीटचे पत्रे २००८ मध्ये काढून तिथे सुमारे २,४०० सौर पत्रे बसवण्यात आले. सभागृह तेच राहिले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीला सर्वांचे सामाईक घर म्हटले, तेव्हा त्यांनी घरातल्या लहानसहान काटकसरीलाही मोल दिले होते.

शेवटी एक सावधगिरी. काटकसरीची यंत्रे आली की माणूस काटकसरी होतोच असे नाही. बिल कमी आले म्हणून पंखा रिकाम्या खोलीत फिरत राहतो. वाचलेल्या पैशांतून दुसऱ्या खोलीलाही एसी येतो. भिंत सुधारली, सवय तशीच राहिली. 'पुरे' हा शब्द कोणतेही यंत्र आपल्या वतीने उच्चारणार नाही, तो आपणच उच्चारायचा आहे.

तेव्हा यंदा घराला हात लावण्यापूर्वी कुटुंबाने एका संध्याकाळी एकत्र बसून चार प्रश्न विचारावेत. आहे त्यातले काय वाचवता येईल? घरात सर्वांत जास्त कोण सोसतो? आपल्या सोयीची झळ कोणाला लागते? आणि जे वाचेल, त्याचे आपण काय करणार आहोत? यांची उत्तरे मिळाल्यावर खुशाल कागद-पेन्सिल घेऊन हिशेबाला बसावे.