वाढ कुठल्या दिशेची?

पाठ ताठ न करता सैल बसा. श्वास आपल्या चालीनं चालू द्या. मनानं कर्जत-खालापूरच्या एखाद्या बांधावर या. पाऊस ओसरतोय, भात पोटरीवर आलंय. आषाढात ठाकर-कातकरी बायकांनी ज्याची कोवळी पानं भाजीला खुडली, तो कुरडू आता फुलला आहे.

त्याच्या एकाच तुऱ्यावर नजर ठेवा. खालची फुलं पांढरी पडलीत, शेंडा अजून गुलाबी आहे. वाढतो तो एवढासा शेंडा, सरळ वर. थोडा वेळ तिथेच थांबा.

आता कुणाच्या तरी अंगणातल्या लाल कोंबड्याच्या फुलाकडे वळा. शास्त्र या दोघांना एकाच जातीत धरतं: सेलोसिया अर्जेन्शिया. फरक शेंड्याचा. कोंबड्यात वाढीचा बिंदू ताणला जाऊन रेषा होते. त्या रेषेवर जागोजागी एकदम वाढ होते, कडेला जागा पुरत नाही आणि लुगड्याच्या निऱ्यांसारख्या घड्या पडतात.

कुंडीतल्या पंख्याच्या आकाराच्या निवडुंगाचंही हेच. कधी शेंड्याला इजा झाल्यानं, कधी पेशींतच बदल घडल्यानं. कोंबड्याचा आकार बियांतून पुढे जातो. हा निवडुंग मात्र तुकड्यानं किंवा कलमानंच राखावा लागतो. त्या पंख्यातून एखादी साधी, सरळ फांदी फुटली, तर ती भराभर वर जाते आणि पंख्याला मागे टाकते. म्हणून माळी ती वेळीच छाटतो.

मग पंखा मंद वाढतो का? उंची मोजली तर हो. पण बोट त्याच्या कडेवरून, प्रत्येक वळणातून सावकाश फिरवा. वाढ तिथे साठली आहे.

आता आपलं एखादं वर्ष आठवा, ज्यात पुढे काहीच सरकलं नाही असं वाटलं. घरात दुखणं होतं, किंवा चार माणसांना एकाच वेळी सांभाळायचं होतं. त्या वर्षाला उंचीची पट्टी लावू नका. त्याची कड कुठवर गेली, ते पाहा.

पण इथेच समाधान मानू नका. कोंबड्याची वरची मखमल बहुतेक वांझ असते. काळं, चकचकीत बी धरतं ते खाली, दांड्याजवळ. म्हणून सरळ वाढलेल्या वर्षाला आणि पसरलेल्या वर्षाला एकच प्रश्न विचारा: पुढच्या पेरणीसाठी यात बी कुठे धरलं?