आधी कृत्य, मग टोळी

दोन-तीन तरुण, एक हिसकावलेली गाडी, एक खून आणि सगळ्यांवर टोळीचा शिक्का. अशा खटल्यांची अपिलं कॅलिफोर्नियाच्या न्यायालयांत गेली तीन दशकं येत आहेत. निकालपत्रांत खुनाच्या जोडीने टोळीचंही सविस्तर वर्णन असतं: गोंदण, कपड्यांचे रंग, बोटांच्या खुणा, कुठली गल्ली कुणाची. ट्रिगर कुणी ओढला, या प्रश्नाच्या उत्तरात एवढं सगळं कसं शिरलं?

सुरुवात १९८८ सालची. लॉस एंजेलिसमध्ये टोळीयुद्ध पेटलेलं होतं, आणि टोळीच्या फायद्यासाठी केलेल्या गुन्ह्याला वाढीव शिक्षा देणारा कायदा राज्याने केला. १९९३ मध्ये गाडी हिसकावणं हा स्वतंत्र गुन्हा झाला. शिक्षा तीन, पाच किंवा नऊ वर्षं. मार्च २००० च्या सार्वमतानंतर तोच गुन्हा टोळीसाठी केला असेल तर किमान पंधरा वर्षं ते जन्मठेप. टोळीसाठी केलेल्या हेतुपुरस्सर खुनाला मृत्युदंडाची वाटही तेव्हाच मोकळी झाली. लोकांची भीती खोटी नव्हती. ज्यांच्या मुलाला गाडीतून खेचून गोळी घातली गेली, त्या घराला या चर्चेत दुय्यम स्थान देता येणार नाही.

पण टोळी सिद्ध करायची कशी? त्यासाठी पोलीस अधिकारीच तज्ज्ञ म्हणून साक्षीला उभा राहू लागला. स्वतः पाहिलेलं, सहकाऱ्यांकडून ऐकलेलं, जुन्या नोंदींत वाचलेलं, सगळं तो सारख्याच ठामपणे ज्यूरीला सांगे. २००४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की अशा पुराव्याने ज्यूरीचं मन कलुषित होऊ शकतं. तरी टोळीचा भाग वेगळा चालवायचा की नाही, हे न्यायाधीशांच्या मर्जीवरच राहिलं. २०१६ च्या सांचेझ निकालाने पहिला खरा बांध घातला. टोळ्यांविषयीचं सर्वसाधारण ज्ञान तज्ज्ञाने सांगावं. पण या आरोपीविषयीची ऐकीव माहिती सत्य म्हणून मांडू नये, कारण मूळ सांगणाऱ्याची उलटतपासणी कुणी केलेली नसते. त्याच वर्षी सरकारी लेखापरीक्षणात राज्याच्या टोळी-नोंदवहीत ४२ जण असे सापडले, की नोंदीप्रमाणे नाव चढलं तेव्हा त्यांचं वय एक वर्षाहून कमी होतं. त्यातल्या २८ जणांनी म्हणे टोळीत असल्याची कबुली दिली होती!

आपल्याला यात परकं वाटावं असं काही नाही. आरोपीचं वाईट चारित्र्य हा पुरावा नव्हे, हे तत्त्व इंग्रजांनी १८७२ च्या पुरावा कायद्यात घातलं. आणि अवघ्या एक वर्ष आधी अख्ख्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. त्या कायद्याखाली सोलापूरच्या तारेच्या कुंपणात डांबलेले पारधी, कैकाडी स्वातंत्र्यानंतर सुटले, पण शिक्का अजून पुसलेला नाही. संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या १९९९ च्या मोक्का कायद्यात तर दहा वर्षांतली जुनी आरोपपत्रं गुन्ह्याच्या व्याख्येतच बसवली आहेत.

कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२२ पासून क्रम उलटवला. आरोपीने मागणी केली तर आधी गुन्हा केला की नाही ते ठरवायचं. दोषी ठरला तरच दुसऱ्या टप्प्यात टोळीविषयी ऐकायचं. टोळीचा ‘फायदा’ म्हणजे नुसता दरारा नव्हे, हेही स्पष्ट झालं. ही अरुंद झालेली व्याख्या प्रलंबित अपिलांनाही लागू झाली. त्यामुळे अशा अपिलांत अनेकदा वाढीव शिक्षा रद्द होते, टोळीचा भाग पुन्हा सिद्ध करायची मुभा सरकारी पक्षाला मिळते आणि खुनाची दोषसिद्धी मात्र कायम राहते.

वेगळ्या टप्प्याचं काय? राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या बर्गोस निकालाने सांगितलं की ती केवळ कार्यपद्धती आहे, आधी चाललेल्या खटल्यांना तिचा लाभ नाही. मला हे पटत नाही. वाढीव वर्षं कागदावरून वजा करता येतात. टोळीच्या कहाण्या ऐकून बनलेलं ज्यूरीचं मत वजा करता येत नाही. ज्यूरी कारणं लिहून देत नाही. तेव्हा ‘एरवीही पुरावा भरपूर होता’ हे अपील न्यायालयाचं उत्तर ठसे, कॅमेरा, जप्त हत्यार असलेल्या खटल्यात मी मान्य करीन. पण जिथे अंधारात क्षणभर चेहरा पाहिलेला एकच साक्षीदार होता, तो खटला नव्या ज्यूरीपुढे, आधी फक्त कृत्यावर, पुन्हा चालला पाहिजे.