भयपटाची नांदी

महाविद्यालयीन तरुणांस अलीकडे चित्रपट काढण्याचा जो छंद लागला आहे, तो पोरखेळ म्हणून उडवून लावणे योग्य होणार नाही. एके काळी विद्यार्थी हस्तलिखित मासिके काढीत, स्नेहसंमेलनात नाटके करीत. आज प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्ये कॅमेरा आहे, म्हणून ते चित्रपट काढतात, इतकेच. नवशिक्या नाटकमंडळींस जसा फार्स सोपा वाटत असे, तसा या मंडळींस भयपट सोपा वाटतो. त्याची कारणे उघड आहेत. भयपटास भरजरी पोशाख लागत नाहीत, राजवाडा लागत नाही, पुष्कळ पात्रे लागत नाहीत. एक ओसाड घर, एक दिवा, एक माणूस आणि भरपूर अंधार एवढ्या सामग्रीवर काम भागते. आणि अंधार तर फुकटच मिळतो.

शिर्डीत मात्र तो फुकट मिळत नाही. यात्रेकरूंच्या वर्दळीमुळे या गावास रात्र अशी होतच नाही. म्हणून इकडील विद्यार्थी अंधाराच्या शोधात गावाबाहेर, राहात्याच्या नाही तर कोपरगावच्या अंगाला, उसाच्या मळ्यांकडे जातात. त्यांपैकी एकाने आपल्या चित्रपटाच्या आरंभाचा बेत मला सांगितला. रात्रीच्या वेळी पांढरे लुगडे नेसलेली एक म्हातारी उसातून बाहेर येते, वाटेने जाणारा मजूर तिला पाहतो, एक किंकाळी, पडदा काळा होतो, आणि मग चित्रपटाचे नाव. हा मजूर कोण आणि ही म्हातारी कोण, असे मी विचारले. तो म्हणाला, "सर, ते नंतर कळलं तरी चालेल. पहिल्या तीन मिनिटांत माणूस दचकला नाही, तर तो पुढे बघतच नाही." व्यवहार पाहता त्याचे म्हणणे खोटे नव्हे. परंतु त्या दोन प्रश्नांची उत्तरे नंतर दिली तरी चालतात, हे मात्र मला मान्य होत नाही. दुसऱ्यास भिवविण्याचा अधिकार कलावंतास कोठून येतो आणि त्याची मर्यादा कोणती, हा सगळा प्रश्न त्या तीन मिनिटांतच सुटतो किंवा बिघडतो, असे मला वाटते.

आपल्या रंगभूमीवर आरंभास नांदी म्हणण्याची चाल होती. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' 1880 साली पुण्यात रंगभूमीवर आले, त्याच्या नांदीत वंदन आहे ते गळ्यात नरमुंडांची माळ घातलेल्या शिवाला. केवळ वर्णन पाहिले तर याहून भयंकर मूर्ती कोणती? तथापि ती नांदी ऐकून कोणी भ्याले नाही. उलट आता सर्व मंगल होणार, असा दिलासाच प्रेक्षकांस मिळाला. नांदी हा नटांचा प्रेक्षकांशी एक करार असतो. पुढे काहीही दिसो, तुम्ही सुरक्षित हातांत आहात, असे तीत अभिवचन असते. भयपटाचा आरंभ ही उलटी नांदी होय. तो दिलासा काढून घेतो. पण दिलासा काढून घेतला म्हणजे करार संपला असे नाही. काळोखात ज्याचा हात आपण धरला, त्याच्याविषयीची जबाबदारी उजेडातल्यापेक्षा अधिकच असते.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानक रसाचा विचार केला आहे. त्याचा स्थायी भाव भय, वर्ण काळा आणि देवता काल. विकृत आवाज, भूतपिशाचांचे दर्शन, कोल्ह्याघुबडांचे ओरडणे, ओसाड घर, अरण्य हे त्याचे विभाव. ही यादी पाहिली म्हणजे आजच्या भयपटकारांनी तीत फारशी भर घातलेली नाही, हे ध्यानात येते. परंतु भरताने आणखी एक भेद केला आहे, तो अधिक महत्त्वाचा. भयानक त्रिविध आहे, असे तो सांगतो: व्याजाने, म्हणजे सोंगाने झालेला, अपराधातून उपजलेला, आणि केवळ भिवविल्यामुळे झालेला. आमच्या विद्यार्थ्याची म्हातारी या तिसऱ्या प्रकारात मोडते. अपराधातून उपजणारे भय ही अगदी निराळ्या जातीची वस्तू आहे. तिच्याकडे पुढे वळू.

काश्मीरच्या अभिनवगुप्ताने रसाची मीमांसा करताना भयाचे जे उदाहरण घेतले, ते कालिदासाच्या शाकुंतलाच्या आरंभीचेच आहे. दुष्यंताचा रथ मागे लागला आहे आणि हरिण पुढे धावत आहे. अभिनवगुप्त म्हणतो की, ते पाहताना 'मी भ्यालो' असे प्रेक्षकास वाटत नाही, आणि 'तो कोणी दुसरा भ्याला' असेही वाटत नाही. स्थळकाळाच्या व आपपराच्या पलीकडले केवळ भय तो आस्वादितो. हे विवेचन सर्वश्रुत आहे. त्याच्या जोडीला एक साधी गोष्ट पाहण्यासारखी आहे. त्या हरिणाच्या भीतीचे वर्णन नाटकात कोण करतो? खुद्द शिकारी. धनुष्य ताणलेल्या राजाच्या डोळ्यांनी आपण ते भय पाहतो, आणि त्याच्या डोळ्यांस ते सुंदर दिसते. पण कालिदास आपल्याला त्या रथात फार वेळ बसू देत नाही. तपस्वी आडवा येतो, हे आश्रमाचे हरिण आहे, मारू नये, असे सांगतो, आणि राजा बाण उतरवितो. भीतीचे सौंदर्य दाखवूनही भ्यालेल्या जिवाचा पक्ष कवीने सोडला नाही.

चित्रपटात हा प्रश्न फारच रोखठोक होतो, कारण तेथे डोळा म्हणजे कॅमेरा, आणि तो कोठे ठेवायचा हे कोणास तरी ठरवावेच लागते. 1978 सालच्या 'हॅलोवीन' या अमेरिकन चित्रपटाचा आरंभ खुन्याच्या डोळ्यांनी दाखविला आहे. आपण त्याच्याबरोबर घरात शिरतो, जिना चढतो, खून पाहतो, आणि मग मुखवटा निघतो तो एका सहा वर्षांच्या मुलाचा. 1980 सालच्या 'द शायनिंग'च्या आरंभी भूत नाही, प्रेत नाही, अंधारही नाही. लख्ख उजेडात डोंगरातल्या रस्त्याने एक लहानशी मोटार चालली आहे आणि कोणी तरी आकाशातून तिच्या मागोमाग जात आहे. कोण, ते कळत नाही. पण अंगावर काटा येतो. तंत्राविषयी विद्यार्थ्यांनी यातून एवढे घेतले तरी पुरे की, दाखविण्यापेक्षा न दाखविण्यात आणि चित्रापेक्षा आवाजात भयाचे बळ अधिक असते. नीतीविषयी घ्यायचे ते निराळे: प्रेक्षकास कोणाच्या डोळ्यांत बसविले, यावर तो कोणाचा सोबती झाला हे ठरते.

या दृष्टीने उसातल्या त्या मजुराकडे पुन्हा पाहावे. चित्रपटात तो किंकाळी फोडण्यापुरता आला. परंतु उसाच्या मुलखातले भय काय असते, हे इकडे राहणाऱ्यास सांगावे लागत नाही. वीज रात्रीची असली की शेतकरी हातात बॅटरी घेऊन दारे धरायला जातो. उसात बिबट्याची मादी पिल्ले घालते, ही गोष्ट अहिल्यानगर, नाशिक आणि पुणे या जिल्ह्यांत आता नवलाची राहिलेली नाही. ऊसतोडीची माणसे पहाटेच्या काळोखात फडात शिरतात आणि त्यांची पोरे मागे कोपीवर राहतात. ज्याचे भय रोजचे आहे त्यास नाव न देता, चेहरा न देता, केवळ दुसऱ्यांस दचकविण्यासाठी पडद्यावर मारणे, हे त्यास दुसऱ्यांदा राबविणेच नव्हे काय? हरिणासही कालिदासाने याहून अधिक मान दिला.

म्हातारीची गोष्ट याहून नाजूक आहे. मराठी मुलखातील भुतांची नामावळी एकवार नीट वाचावी. बाळंतपणात मेलेली स्त्री अळवंतीण होते. विटाळात किंवा बाळंतपणाच्या दहा दिवसांत मेलेली हडळ. नवऱ्यामागे राहून मेलेली विधवा लावसट. सवाष्णपणी मेलेली जाखीण. मुंज होऊन लग्नापूर्वी गेलेला मुलगा मुंज्या. ही भुतांची यादी म्हणावी की समाजाने ज्यांचे देणे चुकविले नाही त्यांची? दाईवाचून मेलेली, केशवपनाच्या व उपासाच्या वनवासात मेलेली, हौस पुरी न होता गेलेली माणसे मेल्यावर परत येतील, अशी धास्ती जगणाऱ्यांस वाटली. कारण आपण त्यांच्याशी नीट वागलो नाही, हे आत कोठे तरी त्यांस ठाऊक होते. भरताने सांगितलेले अपराधजन्य भय ते हेच. जोवर गोष्ट हे ठाऊकपण जागे ठेवते, तोवर ती भीतीची गोष्ट असूनही न्यायाची गोष्ट असते. ते पुसून नुसते पांढरे लुगडे उरले, की जिच्यावर अन्याय झाला तीच अपराधी ठरते.

कोणी म्हणेल की, हा सारा खेळ आहे. प्रेक्षक काही दूधखुळा नाही. भूत खोटे हे तो जाणतो. हे खरे आहे. पण चित्रपट संपला म्हणजे कथेवरचा विश्वास संपतो. आकृतीला चिकटलेली भावना तशी संपत नाही. एकट्या राहणाऱ्या वृद्ध स्त्रीवर चेटकाचा आळ घेऊन तिचा छळ करण्याचे प्रकार ही आपल्या समाजातील ऐकीव दंतकथा नव्हे. 20 ऑगस्ट 2013 रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरविण्याच्या मिषाने मारहाण करणे आणि एखादी व्यक्ती करणी करते असे भासवून तिचे जगणे अवघड करणे, हे त्या कायद्याने गुन्हे ठरविले आहेत. ज्या राज्यास असा कायदा करावा लागला, तेथे पांढऱ्या लुगड्यातील म्हातारी ही निरुपद्रवी प्रतिमा मानता येत नाही. यावरून भयपटांवर बंदी घालावी असे कोणी समजू नये. बंदीने विवेक येत नाही. माझे म्हणणे कलावंताच्या विवेकास उद्देशून आहे.

तो विवेक राखूनही उत्तम भय निर्माण करता येते, याची साक्ष आपल्याकडेच आहे. विशाल फुरिया यांचा 2017 सालचा मराठी चित्रपट 'लपाछपी' उसाच्या मळ्यातील एका घरात घडतो. एक गर्भवती स्त्री त्या घरात येते, आणि तेथे जे दडले आहे ते कोणी उपरे पिशाच नसून मुलींच्या जिवावर उठलेली रूढी आहे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे 894 मुली होत्या, हे ज्यास माहीत आहे, त्यास तो ऊस पाहून वाटणारी भीती केवळ पडद्यावरची राहत नाही. राही अनिल बर्वे यांच्या 2018 सालच्या 'तुंबाड'वर नारायण धारपांच्या कथेचे ऋण आहे. त्या चित्रपटाच्या आरंभीच लोभाविषयीचे गांधीजींचे वचन येते, बाप मुलास हस्तराची कथा सांगतो, आणि मग 1918 सालचा पावसाने झोडपलेला गाव दिसतो. भय कशाचे, हे आधीच सांगून टाकले आहे. तरीही भय कमी होत नाही, वाढतेच. पुढे जो राक्षस दिसतो, त्याहून त्याच्याकडे पुन:पुन्हा जाणारा माणूस भयंकर वाटतो. दोन्ही ठिकाणी प्रेक्षक घरी जाताना दुसऱ्या कोणाचा संशय घेऊन जात नाही. स्वत:कडे पाहत जातो.

शेवटी, ज्या गावात हे विद्यार्थी चित्रपट काढीत आहेत, त्या गावाचाच विचार त्यांनी करावा. दीडशे वर्षांपूर्वीची शिर्डी डोळ्यांपुढे आणावी. गावात एक पडकी मशीद आहे. तीत कोठून आला हे कोणास ठाऊक नसलेला, फाटक्या कफनीतला एक फकीर राहतो. तो कोणाशी फारसे बोलत नाही. तेथे रात्रंदिवस धुनी जळते. लोक त्यास वेडा म्हणतात आणि पोरे दगड मारतात, असे परंपरा सांगते. ओसाड जागा, अनोळखी माणूस, रात्रीचा जाळ: भरताने सांगितलेल्या विभावांत आणखी काय हवे? त्या काळी कोणी कॅमेरा घेऊन आला असता आणि दगड मारणाऱ्या पोरांच्या मागे उभा राहिला असता, तर त्यास भयपटाचा उत्कृष्ट आरंभ मिळाला असता. श्रद्धेचा प्रश्न येथे काढण्याचे कारण नाही. फकिराने 1918 साली देह ठेवला. ती धुनी आजही जळते आहे आणि लक्षावधी माणसे तिच्यापाशी भय टाकण्यासाठी येतात, एवढी वस्तुस्थिती पुरेशी आहे. जागा तीच, जाळ तोच. पाहणारा कोठे उभा राहिला, एवढाच फरक.

म्हणून भयपटाचा आरंभ रचणाऱ्याने दचकविण्याच्या युक्त्या अवश्य शिकाव्यात. त्या शिकण्यात काही कमीपणा नाही. मात्र कॅमेरा चालू करण्यापूर्वी त्याने दोन प्रश्नांची उत्तरे स्वत:पाशी तयार ठेवावीत: मी प्रेक्षकास कोणाचे भय घालीत आहे, आणि कोणाच्या भयात सहभागी करून घेत आहे. दुबळ्याचे भय घालणे सोपे आहे, कारण ते समाजात आयतेच पडलेले असते. आपल्याच हातून झालेल्या अन्यायाचे भय घालणे कठीण आहे, कारण ते आपण फार खोल पुरून ठेवलेले असते. कलेचे काम ते उकरण्याचे आहे.