तोडणारीचा थकवा फोनला कळेल?

बारामतीच्या शिवारात उसाला तहान लागली की शेतकऱ्याच्या फोनवर निरोप येतो. ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने हा प्रयोग उभा केला. जमिनीतली ओल सेन्सर मोजतात, हवामान केंद्र वारा-पाऊस टिपते, उपग्रह पीक न्याहाळतो आणि या सगळ्याचा मेळ घालून आज पाणी किती द्यायचे ते कृत्रिम बुद्धिमत्ता सांगते. सुमारे १,००० शेतकऱ्यांपासून सुरुवात झाली. जानेवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्य नडेला यांनी त्याची जाहीर वाखाणणी केली, आणि ती रास्तच होती.

हंगाम लागला की तोच ऊस तोडायला बीडकडून टोळ्या येतात. शेजारच्या इंदापूर तालुक्यातही वालचंदनगर, जंक्शन, भवानीनगरच्या आसपास कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई पहाटेच्या अंधारात भाकरी थापते, दिवसभर फडात वाकून ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून ट्रॉलीत चढवते आणि परतल्यावर पुन्हा चूल पेटवते. डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय ओढत चालावे लागते, पण ही तक्रार ती कुणापुढे मांडत नाही. तिच्या अंगातले पाणी, लोह आणि झोप मोजणारे या शिवारात काहीच नाही.

थकवा मोजता येतो का? काही अंशी येतो. पण मोजायचा कशासाठी, हे आधी ठरवावे लागते. हातातल्या घड्याळाला चालण्याचा हिशेब ठाऊक असतो. रोज १०,००० पावलांचा आग्रह १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून रूढ झाला, वैद्यकीय संशोधनातून नव्हे. बैठे काम करणाऱ्याला तो उपयोगी पडेलही. क्रॉनिक फटिग सिंड्रोम या दीर्घकालीन थकव्याच्या विकाराच्या रुग्णाला मात्र तो आजारी पाडू शकतो. या विकारात झेपेल त्यापेक्षा जास्त श्रम झाले की त्याची किंमत बहुधा लगेच नव्हे, तर एक-दोन दिवसांनी मोजावी लागते. माणूस अंथरुणाला खिळतो. हळूहळू व्यायाम वाढवत नेण्याचा सल्ला अशा रुग्णांना अनेक वर्षे दिला जात होता. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत तो मागे घेतला.

या रुग्णांनी फोनचा उपयोगच उलटा करून दाखवला. ब्रिटनमध्ये तयार झालेले व्हिजिबल नावाचे ॲप सकाळी फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवायला सांगते. त्वचेखालच्या रक्तप्रवाहाबरोबर परावर्तित प्रकाश कमी-जास्त होतो, त्यावरून नाडीचे ठोके आणि त्यांतले अंतर कळते. दंडावरचा पट्टा दिवसभर ठोके पाहतो आणि ते वाढू लागले की सावध करतो: आता बसा. अजून धावा असे सांगणारी यंत्रे पुष्कळ आहेत. थांबायला सांगणारे यंत्र थकलेल्या माणसांनी मागून घेतले, ही मोलाची गोष्ट आहे.

ऊसतोडणी करणाऱ्या बाईचा थकवा म्हणजे हा विकार नव्हे. तिच्या थकव्याची कारणे शोधायला बहुतेक वेळा फार लांब जावे लागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. त्यात अपुरी झोप, ऊन, लागोपाठची बाळंतपणे. बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेव्हाच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. पाळीच्या दिवसांत खाडा नको, हे त्यामागचे एक कारण अनेकींनी बोलून दाखवले.

रक्तक्षय ओळखायला नखांच्या फोटोवरून हिमोग्लोबिनचा अंदाज देणारे ॲप अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये मांडले. सुई नाही, रक्त नाही, म्हणून मोह पडतो. पण त्यात साधारण २.४ ग्रॅमपर्यंत चूक संभवत होती. गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी १२ ही सीमा धरली जाते, म्हणजे ९.६ असलेल्या बाईला फोन निरोगी ठरवू शकतो. शिवाय पाचटाने कापलेली, मातीने काळवंडलेली नखे कॅमेऱ्याला काय सांगणार? इथे बोटाला सुई टोचून केलेली तपासणीच हवी.

वालचंदनगरला तरी हे पटायला हरकत नाही. उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर ऊस आणि साखरेच्या बळावर वसवलेल्या या गावात पुढे इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटारींची कवचे घडली. तिथे अंदाजावर काम भागत नाही.

फोनचे खरे काम तपासणीनंतर सुरू होते. लोहाच्या गोळ्या काही महिने सलग घ्याव्या लागतात आणि हंगाम संपला की बाई बीडला परतते. इंदापूरच्या नोंदवहीत राहिलेला आकडा तिच्या गावच्या आशाताईला दिसत नाही. आभा या आरोग्य-खात्याच्या १४ अंकी क्रमांकावर ती नोंद चढली तर दोन्हीकडे दिसेल. स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवण्याची व्यवस्था राज्याच्या महिला व बालविकास विभागाने सुरू केलीच आहे. तिच्यात रक्तक्षय असलेल्या, गरोदर नसलेल्या स्त्रियाही याव्यात. या नोंदीचे ॲप मात्र मराठीत हवे. इंग्रजी ॲप आणि बिघडणारे फोन यांना कंटाळून राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी २०२१ मध्ये सरकारी फोन परत केले होते.

ही नोंद टोळी आणणाऱ्या मुकादमाच्या हाती मात्र पडता कामा नये. रक्त कमी असलेली बाई कळली की पुढच्या वर्षी तिच्या जोडीला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळणार नाही. कारखान्याला एवढेच कळावे, की प्राथमिक आरोग्य केंद्राने अमुक जोडीला दोन दिवस विश्रांती लिहून दिली आहे. कारण कळण्याची गरज नाही. त्या दोन दिवसांचा खाडा कोण भरणार, हेही आताच ठरवता येईल. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे १० रुपये घेण्याचे सरकारने ठरवले आहे. विश्रांतीची पहिली चिठ्ठी त्याच पैशातून वटवावी.