मेजाचे परिमाण

संगणकासाठी घरात मोठे मेज घ्यावे की नाही, हा प्रश्न सुताराच्या अखत्यारीतला वाटला, तरी ज्या परभणी जिल्ह्यात जिंतूरजवळच्या नेमगिरीवर तीर्थंकर नेमिनाथ आणि पार्श्वनाथ सर्वसंगपरित्यागाची मुद्रा धारण करून विराजमान आहेत, तेथील गृहस्थाने तो अपरिग्रहाच्या दरबारातही एकदा रुजू करावा, हे उचितच होय. जैन आचारशास्त्राने मुनीला संपूर्ण अपरिग्रह सांगितला. गृहस्थ श्रावकाला मात्र परिग्रह-परिमाण, म्हणजे क्षेत्र, वास्तू, धन, धान्य यांची मर्यादा आपणच आगाऊ मुक्रर करण्याचे अणुव्रत दिले. तेव्हा मेज मोठे असणे हा दोष नव्हे. पडदा डोळ्यांपासून हातभर दूर हवा आणि कळफलकापुढे मनगट टेकायला जागा हवी, तर ४५ सेंटिमीटर रुंदीची फळी अपुरीच. ७५ ही चैन नसून देहधर्म आहे. वाद आहे तो लांबीचा, कारण वाढीव फळीवर प्रथम वीजबिले, मग चष्म्याचे रिकामे घर, मग बंद पडलेला प्रिंटर बिनदिक्कत कब्जेदार होतात (आणि कुळासारखे पुढे हटतही नाहीत!). शेजारचे शेत आपल्या शेताला जोडून संख्या एकच दाखवण्याची क्लृप्ती हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात ‘योगशास्त्रा’त या व्रताच्या अतिचारांत, म्हणजे दोषांत, घातली आहे. ‘मेज एकच’ म्हणत त्याला बाजूची फळी जोडणाऱ्या आम्हा मंडळींची तजवीज त्यांनी तेव्हाच ओळखली होती, असे म्हणावे लागते.