विठोबा आणि दोन शब्द

न्यू जर्सीत लेकीकडे होतो. तिसरीतल्या नातीनं जेवताना विचारलं, "आजोबा, आमच्या शाळेतल्या प्रतिज्ञेतला गॉड म्हणजे तुमचा विठोबाच ना?" मी घास चावत राहिलो. ती झोपल्यावर लेकीपाशी विषय काढला.

"हो म्हणून मोकळं व्हायचं, बाबा. 'अंडर गॉड', दोनच तर शब्द. मी देव मानत नाही, तरी मला त्यांचं काही वाटत नाही."

"मी मानतो, म्हणूनच वाटतं. 1892 साली ती प्रतिज्ञा लिहिणारा फ्रान्सिस बेलामी स्वतः पाद्री. त्यानं देव घातला नव्हता. घातला 1954 साली अमेरिकी काँग्रेसनं, रशियासारखे आम्ही निरीश्वर नाही हे दाखवायला. देवाला सरहद्दीवर पहाऱ्याला उभं केलं!"

"आता कोण तसं समजतं? इथल्या सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्ती ओकॉनर 2004 मध्ये म्हणाल्याच की, हा समारंभाचा भाग आहे, प्रार्थना नव्हे."

"मग तर जास्तच वाईट. अर्थ असेल तर न मानणाऱ्याच्या पोरावर जुलूम. नसेल तर देव लग्नपत्रिकेवरच्या गणपतीसारखा, सवयीनं छापलेला."

"पण सक्ती कुठंय? 1943 च्या बार्नेट खटल्यापासून कुणालाही म्हणायला लावता येत नाही. नको त्यानं गप्प राहावं."

"आठ वर्षांच्या पोरीनं, सगळा वर्ग म्हणत असताना? एकदा पांढरे मोजे सापडले नाहीत, तर पोट दुखतंय म्हणून तू घरी राहिली होतीस."

ती हसली. "म्हणूनच म्हणते, म्हणू दे तिला. कॅलिफोर्नियात मायकेल न्यूडाऊ याच दोन शब्दांविरुद्ध कोर्टात गेला; मुलीच्या आईची तर काहीच हरकत नव्हती. मुलीचे निर्णय आईच्या हाती, म्हणून कोर्टानं बापाला दाव्याचा हक्कच नाकारला. मूळ प्रश्न तसाच राहिला. तत्त्व बापाचं, वर्गात बसायचं मुलीनं."

(1943 चा निकाल, 1954 च्या दुरुस्तीवर राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांची सही, न्यूडाऊ खटल्याचा 2004 चा निकाल: तिन्हींची तारीख 14 जून, त्यांचा ध्वजदिन. देवाला नसेल, पण तारखांना विनोदबुद्धी असावी.)

"आपल्याकडे केरळात तीन भावंडं राष्ट्रगीताला उभी राहायची, पण गायची नाहीत," मी म्हटलं. "बार्नेट मंडळींच्याच पंथाची, जेहोवाज विटनेसेस. शाळेनं काढलं, 1986 साली सुप्रीम कोर्टानं परत घ्यायला लावलं. पण त्यांच्या पाठीशी श्रद्धा होती. आपल्या पोरीकडे नुसती शंका. शंकेच्या बळावर वर्गात कोण गप्प राहील? त्यापेक्षा आपली प्रतिज्ञा बरी. पायडीमर्री सुब्बारावांनी 1962 साली लिहिली, तिच्यात देव नाही. मी तीस वर्षं मुलांकडून म्हणवून घेतली, उणीव कधी भासली नाही."

"प्रतिज्ञेत नव्हता. पण प्रार्थना व्हायचीच ना? सरस्वतीच्या फोटोला हार मीच घालायचे. माझ्या शेजारी शिकलगारांची मुलगी उभी असायची. ती त्या वेळी काय करायची, बाबा? तुम्ही तर समोरच असायचात, मुख्याध्यापक."

प्रार्थनेच्या वेळी माझे डोळे मिटलेले असायचे.