वाऱ्याकडची दोरी

आबा, म्हणजे माझे थोरले काका, बाराव्या वर्षी फत्तेमारीवर चढले आणि शिडं जाऊन इंजिनं आली तेव्हा उतरले. मंगळुरी कौलं, मीठ, नारळ असला माल घेऊन त्यांची फेरी मुंबईपर्यंत असायची. पावसाळ्यात गलबत ओढून झापांनी शाकारायचं आणि नारळी पौर्णिमा झाली की पुन्हा दर्या. त्यांच्या उजव्या तळहातावर एक आडवा चट्टा होता. शिडाची दोरी हातातून सुटताना कातडं घेऊन गेली होती. आम्ही पोरं तो चट्टा बोटाने चाचपून बघायचो.

मी दर्यावर कधी गेलो नाही. मला ओकारी येते. माझा हात चालायचा तो पटाशीवर. आमचा जिल्हा १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झाला, त्यानंतर पाच-सहा वर्षांनी तालुक्याच्या एका दुकानदाराने मला लाकडी गलबतं करायला सांगितली. किल्ला बघायला येणारी माणसं घरी न्यायला काहीतरी मागत होती. दीड फूट लांब, नगाला १२० रुपये, पहिल्या खेपेला १२ नग. घरात बहिणीचं लग्न ठरलेलं. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

लाकडाचं काम सोपं. खरी कटकट दोऱ्यांची. साठ फुटी गलबत दीड फुटात आणायचं म्हणजे चाळिसावा हिस्सा. इंचभर जाडीचा दोर तिथे अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जाड उरतो. शिवणाचा दोरा तसाच लावला तर त्याचे तंतू उभे राहतात आणि त्या मापात दोराला बोट-बोट केस फुटल्यासारखं दिसतं. म्हणून दोरा आधी मेणावरून दोनतीनदा ओढून घ्यायचा. हे मला कोणी शिकवलं नाही, फसत फसत कळलं.

दुकानदाराने नमुन्याला एक कॅलेंडर दिलं होतं. त्यावर विलायती जहाज. चौकोनी शिडं, डोलकाठीच्या दोन्ही बाजूंना ताठ दोर, आणि त्यांवर आडव्या दोऱ्या बांधून केलेली शिडी. “शीड आपलं तिरकंच ठेवा, पण गिऱ्हाइकाला दोरीची शिडी पायजे. त्याशिवाय त्याला जहाज वाटत नाही,” तो म्हणाला. पहिलं गलबत मी तसं केलं. शिडीच्या गाठी चिमट्याने मारण्यात तीन रात्री गेल्या. मग मोठ्या हौसेने आबांकडे नेलं.

त्यांनी ते हातावर घेतलं, नाळ दाराकडे केली. नखाने डावीकडचे दोर छेडले, मग उजवीकडचे.

“दोनय बाजूक ताणलंस. मगे शीड फुगतला खय?”

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी ओसरीवरच सगळं समजावलं. फत्तेमारीची डोलकाठी दोन्हीकडून कायमची जखडलेली नसते. वारा ज्या अंगाने येतो त्या अंगाचे दोर ताणायचे, पलीकडचे सैल सोडायचे, कारण शीड त्या पलीकडच्या बाजूलाच फुगणार. तिथला दोर ताठ ठेवला तर शीड त्याच्यावर घासणार. गलबताची बाजू बदलायची असली की वारा पाठीवर घ्यायचा, शिडाची लांब काठी उभी करून तिचं खालचं टोक डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यायचं, आणि दोरांची ताण-सोड उलटी करायची. तळहातावरचा चट्टा त्या घाईतलाच. विलायती जहाजाचं तंत्र वेगळं, तिथे खलाशांना वर चढून शिडं गुंडाळावी लागत, म्हणून त्यांना शिडी. आमचे लोक चढायची वेळ आली तर दोराला धरून, पायाच्या बोटांनी काठी पकडून चढत.

“आबा, घेणारे मुंबईचे. त्यांना कुठे कळतंय?”

“तेंका नाय कळणा. तुका कळता मां?”

“मला तरी कालपर्यंत कुठे कळत होतं?”

“आता कळला मां?”

या प्रश्नाने माझी कित्येक वर्षं खाल्ली. काल बांधलेली गाठ आणि उद्या बांधायची गाठ, दोरा तोच, मेण तेच. काल ती चूक होती. उद्या ते खोटं होणार, ते केवळ म्हाताऱ्याने चार वाक्यं सांगितली म्हणून. मला त्यांचा रागच आला. न सांगते तर काय बिघडत होतं? १२ गलबतं निर्मळ मनाने झाली असती.

मी वादही घातला. म्हटलं, सावंतवाडीचा लाकडी आंबा कोणी चोखून बघतो का? त्यात रस नाही म्हणून कारागिराला कोणी लबाड म्हणत नाही. हे खेळणंच आहे. पुढे जाऊन असंही म्हणालो, की तुमच्या दोन तांडेलांचे दोर तरी कुठे सारखे होते? मग माझं चुकलं म्हणजे कोणापेक्षा चुकलं?

“दोरी ज्येची त्येची. वारो सगळ्यांचो एकच,” एवढं बोलून ते विडी शोधायला लागले.

मी ११ गलबतं शिडी लावून केली. बारावं मात्र आबांना शेजारी बसवून त्यांच्या सांगण्याप्रमाणे. डावे दोर ताठ, उजवे सैल, शिडी नाही. म्हातारा दोन संध्याकाळी माझ्यासोबत बसला होता आणि मला वाटतं, त्या दोन संध्याकाळी तो घरात नव्हताच. आठवड्याने दुकानदाराने नेमकं तेच परत पाठवलं. निरोप होता, एका बाजूच्या दोऱ्या सुटल्यात, घट्ट करून द्या. मी घट्ट केल्या. शिडीही लावली. आबा तेव्हा पडवीत बसलेले होते, त्यांनी पाहिलं, काही बोलले नाहीत. बहिणीचं लग्न मार्गी लागलं, आणि आजही मला त्या पैशांची लाज वाटत नाही. त्या बाराव्या गलबताची वाटते.

लाकडी आंब्याचा माझा युक्तिवाद कुठे लंगडा होता ते फार उशिरा लक्षात आलं. आंबा झाडावर आहे. लाकडी आंबा बघून कोणाला शंका आली तर त्याने बागेत जावं. खाडीत फत्तेमाऱ्या उभ्या होत्या तोवर आम्ही पोरं सुपारीच्या पोयीला काडी खोचून गलबत करायचो, आणि त्यात काही खोटं नव्हतं, कारण खरं समोर डुलत होतं. आता खाडीत शीड नाही. ते बांधणारे हात गेले, आबाही गेले. मूळ वस्तू संपली की तिची नक्कल खेळणं राहत नाही, साक्षीला उभी राहते. आणि साक्षीदार मी कसला उभा केला होता!

गेल्या पावसाळ्यात पुतण्याच्या मुलाला शाळेतून आणायला गेलो. सर आली म्हणून व्हरांड्यात थांबलो. तिथे काचेच्या कपाटात माझं गलबत होतं. नाळेशी पटाशी घसरल्याची खाच होती, त्यावरून ओळखलं. बारावं नव्हे, आधीच्यांतलं कुठलं तरी. खाली चिठ्ठी, ‘कोकणातील पारंपरिक गलबत’. भिंतीवर पोरांनी ते बघून काढलेली चित्रं लावली होती. प्रत्येक चित्रात शिडी, दोन्ही बाजूंना, पट्टी लावून आखलेली. आमच्या पोराचंही त्यात होतं.

बाईंना सांगितलं, हे मी केलंय आणि चुकीचं केलंय. त्या हसल्या, त्यांना विनय वाटला. मग मी वाऱ्याचं, सैल दोरांचं सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण मध्येच म्हणाल्या, “काका, पण मुलांची चित्रं तर जिल्ह्याला गेली. ही दुसरी प्रत आहे.”

कपाटाची किल्ली मोठ्या गुरुजींकडे होती आणि ते रजेवर. सोमवारी या म्हणाल्या. घरी येऊन मेणाचा गोळा शोधला तर तो कडक झालेला, चुलीजवळ ठेवला. दोऱ्याचं रीळ पोराने पतंगाला नेलं होतं.